आत्यानं पाठवलेलं पाणी

आमच्या घरात सोवळं आलं ते कापसाच्या गाडीत बसून. भावाच्या तोंडावर हे मी कधी बोलले नाही, पण खरं तेच आहे. दूर कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि अमरावतीच्या बाजारात आमच्या वऱ्हाडच्या कापसाला असा भाव चढला की भले भले शहाणे लोक खुळ्यासारखे हसत घरी येऊ लागले. ज्यानं त्यानं ज्वारीचं रान मोडून कापूस पेरला. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या होत्या त्या चांदीच्या झाल्या. आणि माझ्या भावाला वाटायला लागलं की आता आपल्याला चार कुणब्यांसारखं राहून चालायचं नाही, आपल्या घराला काही रीतभात पाहिजे.

रीतभात माझ्याजवळ होती. नवव्या वर्षी मला अकोल्याकडच्या एका बड्या देशमुखी घरात दिलं होतं. सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि मी माहेरी परत आले. येताना अंगावर दागिना नव्हता, पण त्या घरातलं सोवळंओवळं, उपासतापास, कोणाच्या हातचं काय चालतं नि काय चालत नाही, हे सगळं मी गाठोड्यात बांधून आणलं होतं. इतकी वर्षं त्याला कोणी विचारत नव्हतं. भाकरीला महाग असलेल्या घरात कोण विचारणार? भाव चढला, तसा भाऊ एक दिवस ओसरीवर बसून म्हणाला की लेकरांना तू शिकव, तुला मोठ्या घरचं माहीत आहे. मला किती आनंद झाला, काय सांगू. विधवा बहीण घरात असते ती खाटल्यासारखी असते, लागली तर ओढायची, नाहीतर भिंतीला टेकवून ठेवायची. आता माझ्या शब्दाला वजन आलं.

माझा स्वभाव तापट. राग सदा नाकावर. हे वाचून कोणाला माझी कीव येणार असेल तर त्यानं इथंच थांबावं, कारण पुढं येणारी नाही.

भावाची पाच लेकरं. थोरली मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, तिच्या पाठचे दोन मुलगे, मग एक मुलगी, नि शेंडेफळ अजून वहिनीच्या कडेवर. रोज सकाळी मी चौघांना ओसरीवर बसवायची. जेवायच्या आधी हातपाय धुवायचे. उष्टा हात माठाला लावायचा नाही. पाणी वरून प्यायचं, भांड्याला ओठ लागता कामा नये. उन्हातून आलं की एकदम पाणी ढोसायचं नाही, आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचा. पावसाळ्यात पालेभाजी नको, रात्री दही नको. कांदेनवमीला हवा तेवढा कांदा खाऊन घ्यायचा, मग चार महिने कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. एकादशीला भगर चालते, रताळं चालतं, शिंगाडा चालतो, ज्वारीचा दाणा चालत नाही. दूध कोणाच्याही घरचं चालतं, पाणी चालत नाही. यातलं प्रकृतीसाठी काय नि धर्मासाठी काय, ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. मला एकाच छडीनं शिकवलं होतं, मीही एकाच छडीनं शिकवलं.

खरं म्हणजे लहानपणी मी आणि भाऊ, दोघंही गावाबाहेरच्या पिंजाऱ्याच्या अंगणातलं पाणी पिऊन वाढलो. कापूस पिंजताना धनुकलीचा टणत्कार ऐकायला जायचो, तहान लागली की त्याच्या बायकोपुढं ओंजळ धरायची. कोणाचं पोट दुखलं नाही. पण हे लेकरांना सांगायचं नाही असं भावानं मला बजावलं होतं, आणि मलाही ते पटलं होतं.

नुसतं पाठ करून भागत नाही, हे मला माहीत होतं. समोर हो म्हणायचं नि पाठीमागं बोरं चोरायची, ही पोरांची जात. म्हणून मी एक युक्ती काढली. त्या युक्तीचा मला फार अभिमान होता. एकादशीच्या दिवशी मी शेजारणीला सांगून ठेवायची की लेकरांना गोडीत घेऊन भाकर नि ठेचा देऊन पाहा. कधी तेलिणीला सांगायची, ये बाई म्हणून हाक मार नि पाणी पुढं कर. ज्यानं घेतलं त्याची धडगत नसे. बायकांना गंमत वाटायची. त्या हसत हसत यायच्या, पोरांना फशी पाडायच्या नि मला येऊन सांगायच्या. थोड्याच दिवसांत पोरं अशी तयार झाली की परक्यानं हात पुढं केला की ती दोन पावलं मागं सरायची. गावात माझं नाव झालं.

थोरली एकदाच फसली. बांगड्या भरायला मणियारीण आली होती, तिला मी आधीच पढवलं होतं. चैत्राचं ऊन, पोरगी विहिरीवरून धापा टाकत आलेली. मणियारीण म्हणाली, पे वं माय, आणि ती प्याली. मी दाराआड उभी होते. तिला मी राखेनं चुळा भरायला लावल्या आणि तुळशीपाशी उन्हात उभी केली, दिवस कलेपर्यंत. पाण्याचा थेंब दिला नाही. वहिनी दोनदा दारात आली नि माझं तोंड पाहून परत गेली. पोरगी रडली नाही. संध्याकाळी मी तांब्या दिला तर तिनं आधी विचारलं, हा आपलाच ना? मला हसू आलं. शिकली, असं मी मनात म्हटलं.

त्याच वर्षी कार्तिकात भाऊ तिला कौंडण्यपूरच्या जत्रेला घेऊन गेला. माझ्या पायाला गळू झालं होतं, म्हणून मी गेले नाही. नवा छकडा, नवे बैल, पोरीला हिरवा परकर. निघताना मी तिला सगळं घोकून म्हणायला लावलं. तिनं एक अक्षर न चुकता म्हटलं. जत्रेत लोक कोणाकोणाच्या हातचं खातात, तुला माहीत आहे ना, असं मी म्हटलं, तर तिनं मान डोलावली. मी मेलीनं तिच्या गालावरून हातसुद्धा फिरवला नाही.

जत्रेत मरी उठली. वर्धा नदीच्या वाळवंटात माणसं हगवणीनं नि ओकाऱ्यांनी पटापट आडवी व्हायला लागली, तेव्हा भावानं छकडा जुंपला नि माघारी वळला. चांदूरच्या अलीकडं, दिवस डोक्यावर आलेला, तेव्हा पोरीला सुरू झालं. पुढं पुढं गाडीचे हिसके तिला सोसेनात. घागरीतलं पाणी तिचं तोंड धुण्यातच संपलं. रस्त्याच्या कडेला एक पिंजाऱ्याचं जोडपं बाभळीखाली उतरलं होतं. अमरावतीकडं कामाला निघालेले. त्यांच्याजवळ भरलेला माठ होता. भावानं तो माठ पाहिला होता, हे त्यानं मला स्वतः सांगितलं. त्यानं पोरीला बाभळीच्या सावलीत घोंगडीवर निजवलं, पिंजारणीला म्हटलं लक्ष ठेव, आणि एका कोसावरच्या गावातून आपल्या माणसांच्या विहिरीचं पाणी नि वैद्य आणायला छकडा हाकला. त्या गावातही मरी शिरली होती. कोणी दार उघडेना, वैद्य भेटेना. घागर भरून परत येईपर्यंत दिवस खाली गेला. पोरगी संपली होती.

भावानं पिंजारणीला विचारलं, तू पाणी पाजलं काय? ती नाही म्हणाली.

हीच गोष्ट तो घरी घेऊन आला. पोरीनं पाणी घेतलं नाही. तहानेनं तडफडली पण परक्याच्या हातचं पाणी तोंडाला लावलं नाही. समाचाराला आलेली माणसं ऐकत नि माना डोलवत. गावातला जाणता माणूस म्हणाला, पोरीनं घराण्याचं नाव राखलं, शिकवणूक असावी तर अशी. आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला बरं वाटलं. हे लिहिताना आज शरमेनं मान खाली जाते, पण त्या घटकेला मला बरं वाटलं. त्या एका वाक्याला मी बुडत्यासारखी धरून बसले. ते सोडलं असतं तर खाली काय आहे, ते मला पाहायचं नव्हतं.

वहिनी मात्र उठून आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

मग मला ते ऐकू यायला लागलं. दुपारी लेकरं शेतातून यायची, ओळीनं उभी राहून वरून पाणी प्यायची. तिघांच्या घशांचा घटघट आवाज व्हायचा आणि ती थांबली की त्यानंतर एक घोट आणखी ऐकू यायचा. लहान, घाईघाईनं घेतलेला. मी वळून पाहायची. कोणी नसायचं. आधी मला वाटलं, मांजर असेल. मग मी मोजायला लागले. दर वेळी एक जास्तच. उजेडी दुपार, अंगणात कोंबड्या, चुलीवर वरण, आणि माझ्या अंगावर काटा. भगताला विचारलं, त्यानं लिंबू उतरवून दिलं. मी तुळशीपाशी तांब्या भरून ठेवला, तो संध्याकाळी तसाच भरलेला. म्हटलं, पोरीनं धर्म राखला ती देवाजवळ गेली, ती इथं कशाला येईल? आणि स्वतःची समजूत घालायला मी तिची गोष्ट लेकरांना सांगायला लागले. रोजच्या पाठात. तुमची ताई पाहा कशी होती. तिच्यासारखं व्हायचं. गोष्ट सांगितली की दोन-चार दिवस तो घोट ऐकू यायचा नाही. म्हणून मी पुन्हा सांगायची.

अशी चार वर्षं गेली. लढाई मिटली, भाव पडला, अकोल्याकडून आगगाडी आली, चांदीच्या शेंब्या पुन्हा सोनाराकडं गेल्या. सोवळं मात्र आमच्या घरात राहिलं, कारण ते माझ्या हातात होतं. शेंडेफळही आता ओसरीवर बसायला लागलं होतं.

थंडीच्या तोंडी गाद्या पिंजायला एक पिंजारी आला. बरोबर त्याची बायको, कापूस मोकळा करून द्यायला नि शिवायला. अंगणात त्यांचं काम चाललं होतं. लेकरं सकाळपासून वेचणीला गेली होती, ती आली. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून पाणी प्यायच्या आधीच मी त्यांना ओसरीवर बसवलं नि पाठ सुरू केला. शेवटी थोरलीची गोष्ट. कौंडण्यपूरची जत्रा, चांदूरच्या अलीकडची बाभळ, पिंजाऱ्याचा माठ, सगळं. मी ते फार रंगवून सांगायची. लेकरांचे डोळे मोठे व्हायचे.

धनुकलीचा आवाज चालूच होता, पण पिंजारीण उठून उभी राहिली होती. तिच्या केसांत कापूस होता. तिनं मला गोठ्याकडं बोलावलं. मला राग आला, पाठ चालू असताना मध्येच ही कोण? लेकरांना म्हटलं, मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही, नि गेले.

तिनं विचारलं, पोरीचा परकर हिरवा होता काय, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं काय. मी म्हटलं, होतं. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर मटकन खाली बसली.

मग तिनं सांगितलं. भाऊ गेल्या गेल्या पोरगी पाणी मागायला लागली. पिंजारणीनं लगेच गडवा भरून पुढं केला. पोरीनं तोंड फिरवलं. पुन्हा पाणी मागितलं, पुन्हा गडवा पुढं आला, पुन्हा तोंड फिरवलं. नवरा म्हणाला, मोठ्या घरची पोर आहे, जबरदस्ती करू नको, आपल्यावर येईल.

"मंग तिनं मले इचारलं," पिंजारीण म्हणाली, "तुले माह्या आत्यानं पाठवलं ना? मी म्हनलं, नाही वं माय, मी तुया आत्याले वळखत बी नाही. त म्हने, सगळ्या असंच म्हनते."

मी गोठ्याचा खांब धरला.

किती वेळा विचारलं तिनं, ते पिंजारणीला सांगता येईना. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सावली बाभळीच्या बुडाशी होती. सावली सरकत गाडीवाटेपर्यंत गेली तेव्हा पोरीच्या अंगात मान फिरवायचं त्राण उरलं नव्हतं, की तिचा विश्वास बसला होता, ते देव जाणे. ती प्याली. दोन्ही हातांनी गडवा धरून, ओठ लावून, घाईघाईनं प्याली. आणि मग रडायला लागली.

"म्हने, आत्याले सांगू नोको, ते मले घरात घेनार नाही. मी म्हनलं, अल्लाची कसम, नाही सांगत. थोड्या वेळानं पुन्हा इचारे, नाही ना सांगनार? असंच इचारता इचारता गेली, बाई. तिचा बाप आला, त्यानं इचारलं, मी नाही म्हनलं. चार वर्सं कोनाले सांगतलं नाही." तिनं पदरानं नाक पुसलं आणि ओसरीकडं हात केला. "पन तुमी ह्या लेकरायले हे शिकवून राहिल्या. मेलेल्या लेकराले देल्लेला शबद मी मोडला, हे जित्ते हायेत म्हनून."

मला आधी रागच आला. खोटं वाटेल, पण माझ्या तोंडात तिच्यासाठी शिव्या आल्या होत्या. राग यायला कोणीतरी समोर लागतं नि ती समोर होती. मग तो राग कुठं गेला, कळलं नाही. मी तिच्याजवळ खाली बसले. पाणी वेळेवर पोटात गेलं असतं तर पोरगी वाचलीच असती असं मी म्हणत नाही, मरीतून उठलेली माणसं थोडी. पण ती अर्धा दिवस भरल्या माठापाशी तहानेली पडून राहिली ती धर्मासाठी नाही, देवासाठी नाही. माझी परीक्षा चालू आहे असं समजून. आणि मेली ती माझ्या धाकानं.

मी मनाशी म्हणाले, वेडे, मी रागावले नसते गं. आणि म्हणताक्षणी मला कळलं की हे खोटं आहे. ती जिवंत परत आली असती, दारात उभी राहून म्हणाली असती की आत्या, मी पाणी प्याले, तर मी तिला घरात घेतलं नसतं. त्या दिवशी तरी नसतंच. पोरगी मला बरोबर ओळखून होती.

पिंजारणीला मी विचारलं, तुझ्या माठात पाणी आहे काय? आहे म्हणाली. मी तिचा गडवा भरून घेतला नि अंगणातून ओसरीकडं चालत आले. पाणी हिंदकळत होतं. लेकरं तशीच बसली होती, मी सांगितलं होतं म्हणून. ऊन सरकत ओसरीवर आलं होतं, त्यांच्या तोंडावर. सकाळपासून वेचणीत वाकून वाकून त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. ताई पाणी प्याली होती, तिनं काही वाईट केलं नाही, वाईट मी केलं. तहान लागली की कोणीही दिलेलं पाणी प्यायचं, आजपासून हाच पहिला पाठ. माझा आवाज फाटत होता. लेकरांनी मला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मग मी त्यांच्यासमोर त्या गडव्यातलं पाणी स्वतः प्याले, ओठ लावून, आणि गडवा मोठ्या मुलापुढं धरला.

त्यानं गडव्याकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं, मग दाराकडं, कोणी आड उभं आहे का ते. उठून दोन पावलं मागं सरला. मी शिकवलं होतं तसं, नम्रपणानं, हात जोडून म्हणाला, "मले तहान नाही, आत्या."

मी दुसऱ्यापुढं धरला. त्यालाही तहान नव्हती. मुलीपुढं धरला. तिलाही नव्हती. शेंडेफळानं सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली, भावंडांकडं एकदा पाहून घेतलं, आणि तेच म्हणालं.